न लागणारी नाडी

परळच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांच्या शस्त्रक्रिया विभागाकडे १९६० च्या आगेमागे एक कोडे पुन्हा पुन्हा येत होते. रुग्ण कोवळ्या वयाचे असत. कुणा मुलीच्या एका मनगटाला नाडीच लागायची नाही. कुणाचा हातातला रक्तदाब भयंकर चढलेला असे, तर मांडीच्या सांध्याजवळची नाडी जेमतेम बोटाला कळे. धमन्या चोंदण्याचा आजार म्हटला की चाळिशी-पन्नाशीतला माणूस डोळ्यांपुढे येतो. या मुलामुलींच्या धमन्यांत मेद साठायला तितकी वर्षेही गेली नव्हती. १९६२ साली सेन, किनरे, कुलकर्णी आणि परुळकर या चौघांनी ‘सर्जरी’ या नियतकालिकात या रुग्णांविषयी लिहिले आणि आजाराचे वर्णन ‘कारण न कळलेला, महाधमनी आवळणारा दाह’ अशा शब्दांत केले. पुढच्याच वर्षी ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये सेन आणि सहकाऱ्यांचा दुसरा लेख आला. हेच सेन पुढे फेब्रुवारी १९६८ मध्ये भारतातले पहिले हृदयप्रत्यारोपण करणारे शल्यविशारद म्हणून ओळखले गेले, आणि त्या घटनेच्या झोतात हे आधीचे काम झाकले गेले. धमनीचा दाह औषधाने दाबावा का, कोणता दाबावा आणि त्याची किंमत कोणी मोजावी, या प्रश्नावर आज जगभर हजारो रुग्णांच्या चाचण्या झाल्या आहेत. त्या प्रश्नाची शिस्तशीर मांडणी आपल्याकडे परळच्या त्या इमारतीत झाली होती. दाह दिसला म्हणून तो दाबायला धावू नये, आधी तो कुठला आणि कशाचा हे ओळखावे, हा तिथला धडा होता. पुढच्या साठ वर्षांनी तो खरा ठरवला आहे.

आजार मुळात मुंबईत सापडलेला नव्हता. १९०८ साली जपानमधल्या कानाझावाचे नेत्रतज्ज्ञ मिकितो ताकायासु यांनी एका २१ वर्षांच्या तरुणीच्या डोळ्यांचे वर्णन आपल्या सहव्यावसायिकांपुढे मांडले. दृष्टिपटलावर रक्तवाहिन्या एकमेकींना जोडल्या जाऊन त्यांचे जणू कडे तयार झाले होते. त्याच सभेत आणखी दोघा डॉक्टरांनी सांगितले, की अशा डोळ्यांचे रुग्ण आपणही पाहिले आहेत आणि त्यांच्या मनगटाला नाडी लागत नव्हती. डोळा आणि मनगट यांना जोडणारा दुवा मानेतल्या आणि खांद्याखालच्या धमन्यांत होता. महाधमनीच्या कमानीतून निघणाऱ्या या शाखा आतून आवळल्या गेल्या होत्या. हाच ताकायासुचा आजार; जपानमध्ये त्याला पुढे ‘नाडीहीन रोग’ म्हणू लागले. मुंबईच्या रुग्णांत मात्र चित्र बरेच वेगळे निघाले. इथे पोटातली महाधमनी आणि तिच्यातून मूत्रपिंडांकडे जाणाऱ्या धमन्या जास्त करून धरल्या गेल्या होत्या. मूत्रपिंडाला रक्त कमी पोचले, की शरीरातच रक्त कमी पडले असे समजून ते रक्तदाब चढवणारी रसायने सोडते. त्यामुळे आपल्याकडचा रुग्ण बऱ्याचदा नाडीची तक्रार घेऊन येत नसे. डोकेदुखी, धाप आणि वीस वर्षांच्या वयाला न शोभणारा रक्तदाब घेऊन तो येई. पुरुषांचे प्रमाणही जपानपेक्षा अधिक होते. जपानी पुस्तकातले वर्णन शब्दशः धरून बसलेल्या डॉक्टराच्या हातून यातले कितीतरी रुग्ण निसटले असते.

सेन शल्यविशारद होते. आवळलेल्या धमनीला वळसा घालून कृत्रिम नळी जोडणे, हा त्यांचा स्वाभाविक उपाय. पण सुजलेल्या भिंतीत घातलेला टाका नीट धरत नाही, आणि जोड दिल्यावर काही काळाने तोच भाग पुन्हा आवळतो. म्हणून शस्त्रक्रियागृहातला प्रश्न विकृतिशास्त्राच्या टेबलावर जाणे भाग होते. तिथले काम डॉ. एस. जी. किनरे यांचे. त्यांनी मृत रुग्णांच्या महाधमन्या आडव्या-उभ्या छेदून पाहिल्या. १९७५ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेला अभ्यास अशा ३५ शवविच्छेदनांवर आधारलेला होता. धमनीच्या भिंतीला तीन थर असतात. वयपरत्वे होणारा मेदविकार सर्वांत आतल्या अस्तरापासून सुरू होतो. या तरुणांच्या धमन्यांत दाहाचा जोर बाहेरच्या आणि मधल्या थरात दिसत होता. लवचिक तंतू तुटलेले, त्यांच्या जागी चिवट व्रण आणि शेवटी आतल्या अस्तराची जाडी वाढून वाट अरुंद झालेली. सेन, किनरे, केळकर आणि परुळकर यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी १०१ रुग्णांच्या अभ्यासावर एक ग्रंथ मुंबईतूनच प्रसिद्ध केला. त्यात आजाराचे नाव ‘नॉनस्पेसिफिक एऑर्टोआर्टरायटिस’ असे दिले होते. महाधमनी आणि तिच्या शाखांचा, कोणत्याही एका कारणाकडे बोट न दाखवणारा दाह, असा त्याचा अर्थ. सूक्ष्मदर्शकाखाली उपदंशाची खूण दिसली तर उपदंश म्हणावे, क्षयाची दिसली तर क्षय म्हणावे. इथे तशी खूण नव्हती. म्हणून नावातच तशी कबुली घातली.

ही कबुली सोपी नव्हती, कारण कारण समोरच उभे आहे असे वाटत होते. या रुग्णांपैकी अनेकांच्या शरीरात क्षयाच्या खुणा सापडत होत्या. छातीतल्या गाठी, जुने डाग, कधी चालू आजार. १९७० साली किनरे यांनी ‘जर्नल ऑफ पॅथॉलॉजी’मध्ये भारतातल्या कोवळ्या वयातील महाधमनीदाहावर लेख लिहिला. त्याच्या शीर्षकातच क्षयाशी असलेल्या ‘साहचर्या’चा उल्लेख आहे. साहचर्य हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. दोन गोष्टी एकत्र आढळतात, एवढेच तो सांगतो. एकीमुळे दुसरी झाली, असा दावा तो करत नाही. ज्या शहरात क्षय गल्लोगल्ली होता, तिथे कोणत्याही आजाराच्या शवविच्छेदनात क्षयाचे डाग दिसणे अशक्य नव्हते. उलट बाजूनेही विचार करता येतो. क्षयजंतूविरुद्ध पेटलेली प्रतिकारशक्ती धमनीच्या भिंतीतल्या एखाद्या सारख्या दिसणाऱ्या प्रथिनावर चुकून उलटत असेल, हा तर्क आजही टाकून दिलेला नाही. मेक्सिकोतल्या संशोधकांनी पुढे अशा धमन्यांत क्षयजंतूच्या डीएनएचे तुकडे सापडल्याचे सांगितले, तर फ्रान्समधल्या संशोधकांना तसे काही मिळाले नाही. क्षयाची औषधे दिल्याने धमनीचा दाह विझतो, असे मात्र सिद्ध झाले नाही. घाईने क्षयालाच कारण ठरवले असते, तर क्षयाच्या गोळ्यांवर समाधान मानून धमनी आवळत राहिली असती. क्षयाकडे डोळेझाक केली असती, तर दाह दाबणाऱ्या औषधांनी अनेकांचा जीव घेतला असता.

ती औषधे तोवर आलीही होती. १९४८ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताच्या रुग्णाला कॉर्टिझोन टोचले आणि अंथरुणाला खिळलेला रुग्ण काही दिवसांत हिंडू-फिरू लागला. १९५० साली हेंच यांना केंडाल आणि रायखस्टाइन यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. त्यानंतर प्रेडनिसोलोनसारखी स्टिरॉइड औषधे धमनीदाहातही वापरात आली. आजार चालू अवस्थेत असताना ती दिली तर ताप उतरतो, अंग दुखायचे थांबते, रक्तातला दाहाचा निर्देशांक खाली येतो आणि काहींची गेलेली नाडीही परत येते. व्रण पडून कडक झालेल्या धमनीवर मात्र त्यांचा काही उपयोग होत नाही. म्हणजे आग पेटती आहे की राख झाली आहे, हे ओळखणे हाच उपचाराचा पाया. आणि नेमके तेच अवघड. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने १९९४ मध्ये ६० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बाहेरून शांत वाटणाऱ्या ज्या रुग्णांवर बायपास झाला, त्यांच्या धमनीचे तुकडे तपासले तेव्हा ४४ टक्क्यांत दाह चालूच होता. रक्ताची तपासणी धमनीच्या भिंतीची साक्ष पूर्णपणे देत नाही, ही गोष्ट मुंबईच्या विकृतिशास्त्र विभागाला नवी नव्हती. रुग्णाला हात लावून आणि त्याचे ऐकून या चालू-बंद अवस्थेचे माप काढण्यासाठी भारतीय संधिवाततज्ज्ञांनी पुढे एक गुणांकन तयार केले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या पद्धतीत ४४ बाबी आहेत, आणि त्यातल्या ३३ एकट्या हृदय व रक्तवाहिन्यांच्या आहेत. नाडी, दोन्ही बाजूंच्या नाड्यांतला फरक आणि धमनीवर स्टेथोस्कोप ठेवल्यावर येणारा सुस्कारा यांना तिथे पुन्हा मान मिळाला.

स्टिरॉइड कमी केले की दाह परत उसळतो, ही पुढची अडचण. वर्षानुवर्षे ते घेत राहिले तर हाडे ठिसूळ होतात, साखर वाढते, चेहरा सुजतो. म्हणून जोडीला प्रतिकारशक्ती दाबणारे दुसरे औषध शोधले गेले आणि मेथोट्रेक्सेट पुढे आले. या औषधाच्या जन्मकथेतही एक भारतीय आहे. आंध्रातून अमेरिकेला गेलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या लेडर्ली प्रयोगशाळेत फॉलिक आम्लाला विरोध करणारी रसायने तयार झाली. त्यातले एक वापरून १९४८ मध्ये सिडनी फार्बर यांनी लहान मुलांच्या रक्तकर्करोगात प्रथमच उतार पाडला. त्याच कुळातले, कर्करोगात मोठ्या मात्रेत दिले जाणारे मेथोट्रेक्सेट संधिवातात आठवड्यातून एकदा, अगदी थोड्या मात्रेत दिले जाऊ लागले. १९९४ मध्ये गॅरी हॉफमन यांच्या गटाने ते ताकायासुच्या आजारात वापरून पाहिले. १६ पैकी १३ रुग्णांचा दाह स्टिरॉइडच्या जोडीने शांत झाला. पण स्टिरॉइड उतरवू लागताच त्यातले सात जण पुन्हा आजारी पडले. यश आणि अपुरेपण दोन्ही या एका अभ्यासात आहे. आजही या आजाराच्या उपचारात मेथोट्रेक्सेट, अझाथायोप्रिन आणि मायकोफेनोलेट ही रोजच्या वापरातली नावे आहेत.

आता मोठ्या, सर्वसाधारण धमनीविकाराकडे येऊ. आपल्या घराघरांतल्या हृदयविकाराच्या झटक्यांमागे तोच असतो. बर्लिनच्या रुडॉल्फ फिर्खो यांनी १८५० च्या दशकातच सांगितले होते, की धमनीच्या अस्तरातला हा बदल दाहाचा आहे. १९१३ मध्ये रशियात अनिच्कोव्ह यांनी सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घालून त्यांच्या धमन्यांत मेदाचे थर निर्माण केले आणि पुढची बरीच वर्षे सगळे लक्ष मेदाकडे गेले. १९९९ मध्ये रसेल रॉस यांनी धमनीकाठिण्य हा दाहाचा आजार आहे, असे ठामपणे मांडले. मेद आत शिरतो, त्याला गिळायला पांढऱ्या पेशी येतात, त्या तिथेच अडकतात, थराचे टोपण पातळ होते, फाटते आणि त्यावर गुठळी धरते. हे खरे असेल, तर दाह दाबणारे औषध झटका टाळेल. दोन मोठ्या चाचण्यांनी हे तपासले. पहिलीत १०,०६१ रुग्णांपैकी काहींना कॅनाकिनुमॅब हे इंटरल्युकिन-१ बीटा या एकाच संदेशवाहक प्रथिनाला अडवणारे औषध दिले गेले. २०१७ मध्ये निकाल आला. दर तीन महिन्यांनी १५० मिलिग्रॅम घेणाऱ्यांत झटका, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू मिळून १५ टक्के घट दिसली. कोलेस्टेरॉल खाली न आणता हे घडले होते. दुसऱ्या चाचणीत ४,७८६ रुग्ण होते आणि औषध तेच, ताकायासुमध्ये वापरले जाणारे, आठवड्याला १५ ते २० मिलिग्रॅम मेथोट्रेक्सेट. २०१८ च्या अखेरीस कळले, की झटके कमी झाले नाहीत. रक्तातली दाहाची मापेही हलली नाहीत. यकृतावर आणि पांढऱ्या पेशींवर दुष्परिणाम मात्र झाले.

या दोन निकालांची सांगड मला मुंबईच्या जुन्या अभ्यासाशी घालावीशी वाटते. त्यावर पहिला आक्षेप असा येईल, की तरुणांचा दुर्मीळ आजार आणि सर्वत्र पसरलेला वार्धक्याचा आजार यांची तुलनाच अयोग्य आहे. तुलना अयोग्य आहे, हेच तर या इतिहासाचे सार आहे. एक दाह बाहेरच्या थरातून आत येतो, दुसरा अस्तराखाली मेदाभोवती जमतो. दोघांत सहभागी होणाऱ्या पेशी आणि त्यांचे निरोपे वेगळे. ‘दाह’ हा एक शब्द दोन्हींना लागू पडतो, म्हणून एकच औषध दोघांना लागू पडेल, हा तर्क शब्दावर उभा होता. किनरे यांनी धमनी छेदून कोणता थर धरला आहे हे आधी पाहिले, हीच दिशा बरोबर होती. दुसरा आक्षेप अधिक कठीण आहे. मेथोट्रेक्सेट ताकायासुत चालते याचा पुरावा १६ रुग्णांचा, तुलनेचा गट नसलेला. ते साध्या धमनीविकारात चालत नाही याचा पुरावा हजारोंचा, चिठ्ठ्या टाकून गट पाडलेला. मग पहिल्यावर विश्वास का ठेवावा? आक्षेप रास्त आहे. ताकायासुत चिठ्ठ्या टाकून गट पाडलेल्या मोजक्या चाचण्यांपैकी टोसिलिझुमॅब या औषधाची जपानमधली चाचणी ३६ रुग्णांची होती, आणि तिलाही ठरवलेले मुख्य उद्दिष्ट संख्याशास्त्राच्या कसोटीवर गाठता आले नाही. तरीही इथे एक पुरावा आहे जो मोठ्या चाचणीत मिळत नाही. औषध चालू असताना परत आलेली नाडी आणि औषध उतरवताच परतलेला ताप एकाच रुग्णाच्या शरीरात, पुन्हा पुन्हा दिसतो. त्यावरून दाह प्रतिकारशक्तीचाच आहे हे ठरते. कोणते औषध उत्तम, हे मात्र ठरत नाही. तेवढे नम्रपणे मान्य करून उपचार चालू ठेवणे, ही ‘नॉनस्पेसिफिक’ या नावाशी राखलेली इमानदारीच आहे.

तिसरा आक्षेप आपल्या देशाचा आहे. जिथे क्षय घरोघर निजलेला असतो, तिथे प्रतिकारशक्ती दाबणे म्हणजे राखेवर फुंकर घालणे नव्हे काय? कॅनाकिनुमॅबच्या चाचणीत जीवघेण्या जंतुसंसर्गाचे प्रमाण औषध घेणाऱ्यांत जास्त होते आणि एकूण मृत्यू कमी झाले नाहीत. क्षयाचे सहाच रुग्ण निघाले. औषध घेणारे आणि न घेणारे यांच्यात त्यांचे प्रमाण सारखेच होते, पण सहापैकी पाच भारतातले होते. हा आकडा लहान आहे, त्याचा इशारा लहान नाही. म्हणूनच आपल्याकडे स्टिरॉइड किंवा मेथोट्रेक्सेट सुरू करण्यापूर्वी छातीची क्ष-किरण तपासणी आणि क्षयाची चौकशी टाळता येत नाही. क्षय सापडला तर आधी त्याचा उपचार भक्कम उभा करावा लागतो. किनरे यांनी नोंदवलेले साहचर्य कारण म्हणून सिद्ध झाले नाही, सावधगिरी म्हणून मात्र ते रोज उपयोगी पडते. स्वस्त आणि सौम्य औषधाची वाटही तपासली गेली आहे. कोल्चिसिन हे गाउट या सांधेदुखीचे जुने औषध पावसाळ्यात आपल्या कुंपणांवर फुलणाऱ्या कळलावीच्या कंदात आणि बियांत असते. २०१९ आणि २०२० च्या दोन चाचण्यांत त्याच्या रोजच्या अर्ध्या मिलिग्रॅमने हृदयविकाराच्या घटना कमी झाल्या. २०२४ मध्ये ७,०६२ रुग्णांच्या चाचणीत झटक्यानंतर लगेच दिलेल्या कोल्चिसिनने फायदा दिसला नाही. कळलावीचा कंद विषारी आहे आणि त्याने माणसे मेलेली आहेत. तेव्हा यातून कुणी घरगुती औषधाचा अर्थ काढू नये. या चढउतारातून एवढेच शिकायचे, की कोणता रुग्ण, आजाराची कोणती अवस्था आणि कोणता दाह, हे तिन्ही जुळल्याशिवाय औषध फळत नाही.

आता हा इतिहास परळहून बीड जिल्ह्यातल्या तलवाड्यासारख्या गावापर्यंत नेऊन पाहावा, कारण त्याची खरी परीक्षा तिथे आहे. गेवराई तालुक्यातल्या त्वरिता देवीच्या या गावातून मोठ्या तपासणीसाठी निघालेल्या माणसाला बीड, अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय किंवा छत्रपती संभाजीनगर गाठावे लागते. बीड जिल्ह्यातली हजारो कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात आणि फडावर पाच-सहा महिने काढतात. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते, चुकून रोज घेतले तर ते मारते. ठरावीक काळाने रक्त आणि यकृत तपासावे लागते. गरोदरपणात ते घेता येत नाही, आणि हा आजार तर प्रामुख्याने बाळंतपणाच्या वयातल्या स्त्रियांचा. फडावरच्या कोपीत राहणाऱ्या बाईच्या हातात हे औषध देताना चिठ्ठीवर फक्त मात्रा लिहून भागणार नाही. कोणत्या वाराला गोळी, कुठे रक्त तपासायचे, दिवस राहायचे असतील तर आधी कोणाला सांगायचे, हे तिला समजेल अशा शब्दांत लिहून द्यायला हवे. हे अवघड आहे म्हणून औषधच नको, असा निष्कर्ष काढला तर धमनी आवळत राहते, मूत्रपिंडे जातात आणि विशी-तिशीत पक्षाघात होतो. खर्च आणि अंतर या खऱ्या अडचणी आहेत. पण या आजाराच्या ओळखीची पहिली पायरी यंत्रावर अवलंबून नाही. तरुण बाईचा रक्तदाब चढलेला दिसला की दोन्ही हातांचा मोजावा, दोन्ही मनगटांच्या आणि मांडीच्या नाड्या बोटाने पाहाव्यात, पोटावर स्टेथोस्कोप ठेवून ऐकावे. दोन हातांच्या मापात दहा मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर तिला वर पाठवावे. सेन आणि किनरे यांनी १०१ रुग्णांकडे जसे पाहिले, तसे पाहायला त्यांच्याइतके मोठे रुग्णालय लागत नाही. ऊसतोडीला निघण्याआधी एखाद्या तपासणी शिबिरात एवढे केले, तरी परळला सहा दशकांपूर्वी उमगलेली गोष्ट फडावर जाणाऱ्या मुलीच्या मनगटापर्यंत पोचेल.